शुभवर्तमान आणि मतपेटी

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथील फुटबॉलच्या प्रचंड मैदानात २१ सप्टेंबर २०२५ रोजी चार्ली कर्क यांची शोकसभा झाली. उजव्या विचारांच्या तरुणांची संघटना उभारणाऱ्या कर्क यांची त्याआधी अकरा दिवस युटा राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात गोळी घालून हत्या झाली होती. या सभेला शोकसभा म्हणावे, प्रार्थनासभा म्हणावे की प्रचारसभा, हे पाहणाऱ्याला ठरवता येऊ नये असेच तिचे स्वरूप होते. भक्तिगीते झाली, प्रवचने झाली, मंत्र्यांनी बायबलचे दाखले दिले. कर्क यांच्या पत्नीने ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील उद्गारांचे स्मरण करीत आरोपी तरुणाला आपण क्षमा केल्याचे सांगितले. तिच्यापाठोपाठ राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प बोलायला उभे राहिले. नेमक्या याच बाबतीत आपले चार्लीशी पटत नसे, आपण आपल्या विरोधकांचा द्वेष करतो आणि त्यांचे भले व्हावे असे आपल्याला वाटत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. श्रोत्यांनी दाद दोघांनाही दिली.

अमेरिकेच्या राजकारणातील इव्हँजेलिकल ख्रिश्चनांचे कोडे या दोन भाषणांत सामावलेले आहे. २०१६ च्या निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८१ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिल्याचे मतदानोत्तर पाहणीत आढळले. २०२० मध्ये हे प्रमाण किंचित खाली आले आणि २०२४ मध्ये पुन्हा दहापैकी आठांच्या घरात गेले. तीन विवाह, जुगारगृहांचा व्यवसाय, स्त्रियांविषयीची ध्वनिमुद्रित शेरेबाजी आणि फौजदारी खटल्यातील दोषसिद्धी यांपैकी कशानेही या आकड्याला फारसा धक्का लागला नाही. वैयक्तिक शुचिता हाच ज्या समाजाच्या उपदेशाचा गाभा होता, त्याने असे का करावे? ‘ढोंग’ हे एका शब्दाचे उत्तर सोपे आहे, परंतु त्याने फार काही उलगडत नाही. हा एक व्यवहार आहे आणि त्याच्या खातेवहीची पहिली पाने जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी लिहिली गेली आहेत.

‘इव्हँजेलिकल’ हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला. मराठी ख्रिस्ती ज्याला ‘शुभवर्तमान’ म्हणतात त्याच्याशी त्याचे नाते आहे. हा कोणताही एक पंथ नाही. बाप्टिस्ट, पेंटेकोस्टल, मेथडिस्टांपैकी काही, शिवाय कोणत्याही पंथाशी बांधील नसलेली अवाढव्य ‘मेगाचर्च’ या सर्वांत पसरलेला हा एक प्रवाह आहे. बायबल हेच अंतिम प्रमाण, ख्रिस्ताचे बलिदान हाच तारणाचा मार्ग, प्रत्येकाने आयुष्यात एकदा जाणीवपूर्वक श्रद्धेचा स्वीकार करून ‘नव्याने जन्म’ घेतला पाहिजे आणि ही वार्ता इतरांना सांगितली पाहिजे, या चार गोष्टी त्याची ओळख मानल्या जातात. यांत रिपब्लिकन पक्षाचा कोठे संबंध येत नाही. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बहुसंख्य चर्चमध्ये याच चार गोष्टी तितक्याच निष्ठेने मानल्या जातात आणि तेथील भाविक दशकानुदशके डेमोक्रॅटिक पक्षाला मते देत आले आहेत. मार्टिन ल्यूथर किंग ज्या अटलांटातील एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे पाळक होते, त्याच चर्चचे पाळक राफाएल वॉरनॉक जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियातून डेमोक्रॅट म्हणून सिनेटवर निवडून आले. त्या राज्यातील गोऱ्या इव्हँजेलिकलांनी मात्र प्रचंड बहुमताने त्यांच्या विरोधात मतदान केले. बायबल तेच, बाप्तिस्मा तोच, मत वेगळे. तेव्हा ‘इव्हँजेलिकल मत’ असे जे म्हटले जाते, त्याचा उगम केवळ धर्मशास्त्रात शोधून चालणार नाही.

मुळात धर्म आणि शासन यांच्यामध्ये भिंत हवी, असा आग्रह धरणाऱ्यांत बाप्टिस्ट आघाडीवर होते. न्यू इंग्लंडमध्ये अधिकृत चर्चसाठी कर द्यावा लागत असल्याने ते त्रासले होते. कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी थॉमस जेफरसन यांना पत्र लिहिले आणि त्याला १ जानेवारी १८०२ रोजी जेफरसन यांनी दिलेल्या उत्तरातच ‘विभक्ततेची भिंत’ ही प्रसिद्ध कल्पना आली. त्याच दिवशी बाप्टिस्ट उपदेशक जॉन लेलंड मॅसॅच्युसेट्समधील चेशायर गावाने तयार केलेली सुमारे १,२३५ पौंड वजनाची चीजची चकती घेऊन जेफरसन यांच्या भेटीला पोहोचले होते. धर्मस्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्याला गावाने पाठवलेली ही भेट होती. ज्यांच्यावर नास्तिकतेचा आरोप होत होता अशा राष्ट्राध्यक्षासाठी धर्मोपदेशकाने इतका खटाटोप करावा, हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल.

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८१० मध्ये बॉस्टनच्या परिसरात स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे याच कार्यातून अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. याच बोर्डाचे सचिव जेरेमाया एव्हार्ट्स यांनी १८२९ मध्ये टोपणनावाने लेखमाला लिहून चेरोकी आदिवासींना त्यांच्या भूमीतून हुसकावण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध रान उठवले. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात ते विधेयक अवघ्या पाच मतांच्या फरकाने संमत झाले. बोर्डाच्या दोन मिशनऱ्यांना जॉर्जिया राज्याने तुरुंगात डांबले. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, तरी चेरोकींची हकालपट्टी टळली नाही. इव्हँजेलिकलांचे राष्ट्रीय राजकारण सुरुवातीला असेही होते. अर्थात तेव्हाही सारे एका बाजूला नव्हते. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमावे की नाही या वादातून १८४५ मध्ये ‘सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन’ वेगळे झाले, ते गुलामगिरीच्या बाजूने. हीच संस्था पुढे अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ बनली. गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल तिने माफी मागितली ती १९९५ मध्ये.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिणेतील पुराणमतवादी पाळकांचा कल राजकारणापासून फटकून राहण्याकडे होता. डार्विनचा सिद्धांत शिकवण्यावरून १९२५ मध्ये टेनेसीतील डेटन येथे गाजलेल्या खटल्यात त्यांची देशभर टिंगल झाली आणि त्यांनी आपल्या शाळा, आपली रेडिओ केंद्रे, आपली प्रकाशने असे वेगळे जग उभारले. बिली ग्रॅहम यांच्यासारखा लोकप्रिय प्रचारक राष्ट्राध्यक्षांसोबत प्रार्थना करीत असे, रिचर्ड निक्सन यांच्याशी त्यांची मैत्रीही होती, पण मंडळीला मतपेटीकडे हाकलण्याचे काम अजून सुरू झालेले नव्हते. व्हर्जिनियातील लिंचबर्गचे पाळक जेरी फॉलवेल यांनी मार्च १९६५ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी पाळक रस्त्यावर उतरले असताना, एक प्रवचन दिले. उपदेशकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारणी होण्याचे नाही, असे त्यांनी त्यात बजावले. याच फॉलवेल यांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन केली. मधल्या चौदा वर्षांत काय घडले?

रूढ उत्तर असे, की १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले आणि धार्मिक माणूस पेटून उठला. घटनाक्रम मात्र या उत्तराला पुरता साथ देत नाही. सदर्न बाप्टिस्टांनी १९७१ च्या अधिवेशनात जो ठराव केला, त्यात बलात्कार, निकटच्या नात्यातील संबंध, गर्भातील गंभीर व्यंग आणि मातेच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्याचा पुरस्कार होता. ‘रो’च्या निकालानंतरही १९७४ मध्ये त्याचा पुनरुच्चार झाला. गर्भपाताला विरोध हा तेव्हा प्रामुख्याने कॅथलिकांचा विषय समजला जाई.

पाळकांना खरा चटका लागला तो कराचा. सरकारी शाळांतील वर्णभेद न्यायालयांनी मोडीत काढल्यावर दक्षिणेत ठिकठिकाणी खासगी ‘ख्रिश्चन अकादमी’ निघाल्या. फॉलवेल यांचीही अशीच एक शाळा १९६७ मध्ये निघाली होती. वर्णभेद पाळणाऱ्या संस्थांना धर्मादाय म्हणून करसवलत मिळणार नाही, असे १९७१ मध्ये न्यायालयाने ठरवले. बॉब जोन्स विद्यापीठाने त्या वर्षापर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच दिला नव्हता आणि पुढेही आंतरवर्णीय प्रेमसंबंधांवर बंदी ठेवली. करखात्याने १९७६ मध्ये त्याची सवलत काढून घेतली आणि हा निर्णय १९७० पासून लागू केला. १९७८ मध्ये करखात्याने खासगी शाळांना आणखी कडक नियम लावण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. आजवर राजकारणापासून चार हात दूर राहणाऱ्या पाळकांना सरकारने आपल्या अंगणात पाय ठेवल्यासारखे वाटले. उजव्या चळवळीचे संघटक पॉल वेरिच अनेक वर्षे ज्या ठिणगीच्या शोधात होते ती ही, असे इतिहासकार रँडल बामर सांगतात. डॅनियल विल्यम्स यांच्यासारख्या दुसऱ्या अभ्यासकांना हे एकांगी वाटते. शाळांतील प्रार्थनेवरील बंदी, स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती, समलिंगींच्या हक्कांची मागणी आणि गर्भपात या साऱ्यांचा साचत गेलेला संताप ते पुढे करतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पाळक संघटित झाले ते शाळांच्या प्रश्नावर, पण करसवलतीसाठी सामान्य भाविक रस्त्यावर येत नाही. गर्भपातासाठी येतो. १९७९-८० च्या सुमारास गर्भपाताने चळवळीच्या फलकावर जी अग्रभागी जागा घेतली, ती नंतर सोडली नाही.

या राजकारणाचा पहिला बळी ठरले ते स्वतः नव्याने जन्मलेले बाप्टिस्ट. जिमी कार्टर रविवारच्या शाळेत बायबल शिकवीत. १९७६ मध्ये ते निवडून आले तेव्हा ‘न्यूजवीक’ने ते वर्ष इव्हँजेलिकलांचे म्हणून जाहीर केले होते. करखात्याचा तो प्रस्ताव त्यांच्याच कारकिर्दीत आला. १९८० मध्ये त्यांच्यासमोर उभे ठाकलेले रोनाल्ड रेगन हॉलिवूडचे नट, घटस्फोटित, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना गर्भपाताचा उदार कायदा मंजूर करणारे. तरीही ऑगस्टमध्ये डॅलसला जमलेल्या हजारो पाळकांपुढे रेगन यांनी, तुम्हाला मला पाठिंबा देता येत नाही हे ठाऊक आहे, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो, अशा अर्थाचे वाक्य टाकले आणि सभा जिंकली. चारित्र्य पाहून मत देण्याऐवजी काम पाहून मत देण्याचा प्रघात ट्रम्प यांच्यापासून सुरू झाला असे मानणाऱ्यांनी ही निवडणूक जरूर आठवावी. कार्टर यांनी २००० मध्ये सदर्न बाप्टिस्टांशी संबंध तोडला. नव्वदी ओलांडल्यावरही ते आपल्या गावच्या चर्चमध्ये बायबल शिकवीत राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये शंभराव्या वर्षी निवर्तले.

रेगन यांनी शब्द भरपूर दिले, पदरात फारसे काही टाकले नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक मताने बॉब जोन्स विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला. यातून चळवळीने धडा घेतला तो चिकाटीचा. दूरचित्रवाणीवरील प्रचारक पॅट रॉबर्टसन १९८८ मध्ये स्वतःच उमेदवारीच्या शर्यतीत उतरले आणि आयोवात उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांना मागे टाकून दुसरे आले. उमेदवारी मिळाली नाही, पण जमलेल्या यादीतून १९८९ मध्ये ‘ख्रिश्चन कोअलिशन’ उभी राहिली. राल्फ रीड यांच्या हाती सूत्रे असलेल्या या संघटनेने शालेय मंडळांपासून पक्षाच्या वॉर्ड समित्यांपर्यंत माणसे पेरली. मतदानाच्या आधीच्या रविवारी चर्चच्या बाकांवर उमेदवारांच्या भूमिकांची तुलना करणारी पत्रके ठेवली जात. पत्रकात कोणाला मत द्या असे लिहिलेले नसे, आणि ते लिहिण्याची गरजही नसे. मतदानाला कमी लोक बाहेर पडत असलेल्या देशात दर आठवड्याला एका छताखाली जमणारा, एकमेकांना नावाने ओळखणारा समुदाय हा कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्यांपेक्षा मोलाचा असतो. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांची यादी ज्याच्या हाती त्याचे तालुक्यात काय वजन असते, हे जाणणाऱ्यांना या यंत्रणेची ताकद निराळी समजावून सांगायला नको.

धाकटे जॉर्ज बुश हे या पिकाचे खरे धनी. मद्यपान सोडून श्रद्धेकडे वळल्याची त्यांची कहाणी भाविकांना आपल्या घरातली वाटे. २ नोव्हेंबर २००४ रोजी अध्यक्षीय निवडणुकीबरोबरच अकरा राज्यांत समलिंगी विवाहाला मनाई करणारे प्रस्ताव मतदानाला होते. अकराही संमत झाले आणि बुश यांना गोऱ्या इव्हँजेलिकलांची सुमारे ७८ टक्के मते मिळाली. याच बुश यांनी २००३ मध्ये एड्सविरोधात पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची योजना आणली. आफ्रिकेत काम करणाऱ्या मिशनरी डॉक्टरांचा आणि इव्हँजेलिकल नेत्यांचा त्यामागे मोठा रेटा होता. या योजनेने सुमारे अडीच कोटी लोकांचे प्राण वाचवले असे अमेरिकन सरकारच सांगत आले आहे. या चळवळीच्या जमेच्या बाजूला यापेक्षा मोठी नोंद नाही.

ट्रम्प यांच्यापाशी अशी कोणतीही कहाणी नव्हती. जानेवारी २०१६ मध्ये फॉलवेल यांनीच स्थापन केलेल्या लिबर्टी विद्यापीठात बोलताना बायबलमधील एका पत्राचे नावही त्यांना नीट घेता आले नाही. मराठीत कोणी ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ऐवजी ‘दोन करिंथकर’ म्हणावे, तसा तो प्रकार झाला. विद्यार्थी हसले. पण मे महिन्यात ट्रम्प यांनी सर्वोच्च न्यायालयावर कोणाला नेमणार त्यांची नावनिशीवार यादी प्रसिद्ध केली आणि इव्हँजेलिकलांचे लाडके माइक पेन्स यांना जुलैत उपाध्यक्षपदासाठी निवडले. आधीच्या कोणत्याही उमेदवाराने इतका उघड करार केला नव्हता. तो पवित्र असल्याचा दावा करीत नव्हता, माल पोहोचवण्याची हमी देत होता. पाळकांनी मग त्याला बायबलमध्येही जागा शोधली. यहुद्यांना बाबेलच्या बंदिवासातून सोडवणारा पारसाचा राजा कोरेश हा परधर्मी असूनही देवाने त्याला साधन म्हणून वापरले, तसेच ट्रम्प यांचे आहे, असा युक्तिवाद झाला. कोरेशाचा उल्लेख यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात आहे आणि ट्रम्प पंचेचाळिसावे अध्यक्ष ठरले, या योगायोगावरही प्रवचने रंगली.

हमी पाळली गेली. पहिल्या चार वर्षांत तीन न्यायमूर्ती नेमले गेले. मे २०१८ मध्ये अमेरिकेचा दूतावास जेरुसलेमला हलला आणि त्या समारंभात दोन इव्हँजेलिकल पाळकांनी प्रार्थना म्हटल्या. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’चा निकाल मोडीत काढला. ज्या पाच न्यायमूर्तींनी तो मोडला त्यांच्यात एकही इव्हँजेलिकल नव्हता. चौघे कॅथलिक होते आणि पाचवे कॅथलिक घरात वाढलेले. १९६० मध्ये जॉन केनेडी कॅथलिक आहेत, ते पोपचे ऐकतील, म्हणून प्रॉटेस्टंट पाळकांनी काहूर उठवले होते आणि केनेडी यांना ह्यूस्टनला जाऊन पाळकांसमोर खुलासा करावा लागला होता. त्यांच्याच वारसदारांनी मते घातली आणि कॅथलिक विधिज्ञांनी निकाल लिहिला.

विजयानंतर जे घडले ते नेत्यांच्या हिशेबात नव्हते. निकालाला दोन महिनेही झाले नव्हते तोच कॅन्सससारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यात मतदारांनी गर्भपाताचे संरक्षण काढून घेणारा प्रस्ताव फेटाळला. केंटकी आणि ओहायोनेही तोच कौल दिला. गोळ्यांद्वारे होणाऱ्या गर्भपातांमुळे २०२३ मध्ये देशातील गर्भपातांची एकूण संख्या दहा लाखांवर गेली, म्हणजे निकालाआधीपेक्षा जास्तच. मग ट्रम्प यांनी वाऱ्याची दिशा ओळखली. हा विषय राज्यांनी पाहावा, असे त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि जुलैत पक्षाच्या जाहीरनाम्यातून गर्भपाताविरुद्धची चार दशकांची राष्ट्रव्यापी मागणी गाळली गेली. चळवळीचा मध्यवर्ती मुद्दा पक्षाने बाजूला सारला आणि मते तेवढीच पडली. सौदा करताना हाताशी असलेला एकमेव हुकमाचा पत्ता म्हणजे मत नाकारण्याची शक्यता. तो गोऱ्या इव्हँजेलिकलांनी स्वतःहून खाली ठेवला, असाच याचा अर्थ होतो.

या व्यवहाराची किंमत आकड्यांत थोडीफार दिसते. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक पदावर नीतीने वागू शकतो, असे २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्क्यांना वाटत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ७२ टक्क्यांना तसे वाटू लागले. सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या चारित्र्यात ढिलाई खपवून घेतल्यास समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते, असा ठराव सदर्न बाप्टिस्टांनी १९९८ मध्ये बिल क्लिंटन यांच्या प्रकरणाच्या वेळी केला होता. त्या ठरावाची आठवण आता त्यांचे टीकाकारच काढतात. लोकसंख्येतील गोऱ्या इव्हँजेलिकलांचा वाटा २००६ मधील २३ टक्क्यांवरून २०२० पर्यंत सुमारे १४ टक्क्यांवर घसरला. सदर्न बाप्टिस्टांची सदस्यसंख्या २००६ मध्ये एक कोटी ६३ लाख होती, ती २०२४ मध्ये एक कोटी २७ लाखांवर आली. या घसरणीला राजकारण एकटेच जबाबदार नाही. चर्चमधील लैंगिक अत्याचारांची प्रकरणे नेत्यांनी वर्षानुवर्षे कशी दडपली, हे २०१९ मध्ये टेक्सासच्या वृत्तपत्रांनी आणि २०२२ मध्ये स्वतंत्र चौकशी अहवालाने उघड केले, त्याचाही वाटा मोठा आहे. पण त्याहून लक्षणीय बदल शब्दाच्या अर्थात झाला. ट्रम्प यांचे जे गोरे समर्थक २०१६ मध्ये स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवीत नव्हते, त्यांपैकी काही जण २०२० पर्यंत तसे म्हणवू लागले, असे प्यू संस्थेच्या पाहणीत आढळले. पूर्वी श्रद्धा बदलली की पक्ष बदले. आता पक्षामुळे श्रद्धेचे नाव लावले जाऊ लागले.

विरोधाचे सूर निघालेच नाहीत असे नाही. बिली ग्रॅहम यांनी स्थापन केलेल्या ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ नियतकालिकाने डिसेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असा अग्रलेख लिहिला. त्यावर ग्रॅहम यांचे चिरंजीव फ्रँकलिन यांनीच तो खोडून काढला. सदर्न बाप्टिस्टांच्या सार्वजनिक धोरणाचे प्रमुख रसेल मूर २०२१ मध्ये पंथ सोडून गेले. २०२५ मध्ये निर्वासितांना देशात घेण्याचा कार्यक्रम थांबवला गेला आणि परदेशी मदतीला कात्री लागली, तेव्हा इव्हँजेलिकलांच्या राष्ट्रीय संघटनेशी निगडित ‘वर्ल्ड रिलीफ’ने जाहीर नाराजी व्यक्त केली. चर्चच्या आवारात परप्रांतीयांची धरपकड करू नये हा संकेतही त्याच जानेवारीत रद्द झाला. ज्यांची हकालपट्टी होऊ शकते त्यांत बहुसंख्य ख्रिस्ती आहेत आणि त्यांपैकी अनेक लॅटिनो इव्हँजेलिकल आहेत. एड्सविरोधी योजनेचा निधी अडला, तेव्हा २००३ सारखा रेटा उभा राहिला नाही. ज्या पक्षाकडे शब्द टाकायचा तो आपल्याला सोडून कोठे जाणार नाही हे ओळखून असला, की शब्दाला वजन उरत नाही.

भारताच्या दृष्टीने या शक्तीचा प्रत्यय दुहेरी राहिला आहे. परदेशांतील ख्रिस्ती लोकांच्या छळाविरुद्ध इव्हँजेलिकल संघटनांनी चालवलेल्या मोहिमेतून १९९८ चा आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायदा आला. गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचा व्हिसा २००५ मध्ये रद्द झाला तो याच कायद्यातील तरतुदीच्या आधारे. सप्टेंबर २०१९ मध्ये तेच मोदी पंतप्रधान या नात्याने इव्हँजेलिकलांचा बालेकिल्ला असलेल्या टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या मैदानात, ट्रम्प यांचा हात हातात घेऊन फिरले. त्या कायद्याने नेमलेला आयोग २०२० पासून २०२५ पर्यंत दरवर्षी भारताचा समावेश विशेष चिंतेच्या देशांत करावा असे सुचवत आला आणि त्या काळात परराष्ट्र खात्याने ती शिफारस बाजूला ठेवली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी आणि इतर भारतीय कुटुंबांचा अनुभव मात्र अधिक जवळचा आहे. जुलै २००७ मध्ये सिनेटमध्ये प्रथमच हिंदू प्रार्थना म्हटली जात असताना ख्रिस्ती निदर्शकांनी आरडाओरड केली होती. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड येथील मंदिरात २०२४ मध्ये उभारलेल्या नव्वद फुटी हनुमानाच्या मूर्तीवर सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी इच्छुक असलेल्या एका रिपब्लिकनाने, हा ख्रिस्ती देश आहे, असे म्हणत आक्षेप घेतला. करकपात आणि उद्योगस्नेही धोरणांसाठी रिपब्लिकन पक्षाकडे वळलेल्या भारतीयांना आपण कोणाच्या शेजारी उभे आहोत, याची जाणीव अशा वेळी होते.

या साऱ्यात करसवलतीचा जुना धागा अजून सुटलेला नाही. सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी १९५४ मध्ये आणलेल्या दुरुस्तीनुसार करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थांना, म्हणजे चर्चनाही, उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. टेक्सासमधील दोन चर्च आणि धार्मिक प्रसारकांची संघटना यांनी २०२४ मध्ये या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले. जुलै २०२५ मध्ये करखात्याने न्यायालयापुढे आपली भूमिकाच बदलली. पाळकाने उपासनेच्या वेळी आपल्या मंडळीला उमेदवाराविषयी सांगणे हे कुटुंबातील चर्चेसारखे आहे, तो प्रचार नव्हे, असे खात्याने म्हटले. ट्रम्प तर पहिल्या कारकिर्दीपासून ही दुरुस्ती संपवण्याच्या गोष्टी करीत आले आहेत. गंमत म्हणजे खुद्द पाळकांना ही सवलत फारशी नको आहे. २०१७ मध्ये इव्हँजेलिकल नेत्यांच्या एका पाहणीत दहातील जवळजवळ नऊ जणांनी व्यासपीठावरून उमेदवाराला पाठिंबा देण्यास विरोध दर्शवला होता. त्यांना आपल्या बाकांवर बसणारी माणसे ठाऊक असतात. पण प्रश्न प्रवचनापुरता मर्यादित नाही. राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर अमेरिकेत करवजावट मिळत नाही, चर्चला दिलेल्या देणगीवर मिळते. इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी जमाखर्चाचे विवरण सादर करावे लागते, चर्चना ते बंधन नाही. चर्चला उमेदवाराचे नाव घेण्याची पूर्ण मुभा मिळाली, तर निवडणुकीचा पैसा दानपात्रातून, नाव न सांगता आणि करवजावटीसह वाहू लागेल, असे या तरतुदीचे समर्थक निदर्शनास आणतात. तसे झाले, तर येणाऱ्या निवडणुकांत लहान गावातील पाळकापुढे उमेदवाराचा माणूस देणगीचा धनादेश घेऊन उभा राहील, आणि आजवर कायद्याकडे बोट दाखवून त्याला परत पाठवण्याची जी सोय होती, ती त्या पाळकाजवळ राहणार नाही.